शब्द परत घेतांना

गेल्या वर्षींची गोष्ट. गणपती चार दिवसांवर येऊन ठेपले होते आणि मी मखराच्या पुठ्ठ्याला रंगीत कागद चिकटवीत बसलों होतों. इतक्यांत माझी भाची व तिचा मुलगा अशीं दोघें आलीं. भाचीच्या हातांत मोदकांच्या पिठाचा डबा होता. परंतु ती केवळ पीठ द्यावयास आलेली नाहीं, हें मुलाच्या खालीं गेलेल्या मानेवरून माझ्या ध्यानांत आलें. अडतीस वर्षें शाळेंत काढलेल्या माणसाला मान खालीं घालण्याचे निरनिराळे प्रकार चांगले ओळखतां येतात. हा प्रकार अपराध करून आलेल्या मुलाचा नव्हता; अपराध करावा कीं न करावा, ह्या विवंचनेंत पडलेल्या मुलाचा होता.

हकीकत थोडक्यांत अशी. मुलानें तंत्रनिकेतनांतून यंत्र-अभियांत्रिकीची पदविका घेतली. परीक्षा होतांच भोसरीच्या एका कारखान्यानें मुलाखती घेऊन एका वर्षासाठीं शिकाऊ उमेदवार म्हणून त्याची निवड केली. निवड तिघांची झाली आणि आणखी दोघांचीं नांवें प्रतीक्षायादींत राहिलीं. मुलानें 'मान्य आहे, ठरल्या दिवशीं हजर होतों' असें ई-मेलनें कळविलें. हजर होण्याचा दिवस गणपतीच्या विसर्जनानंतरचा होता. तेवढ्यांत पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची यादी लागली आणि ज्या महाविद्यालयाची त्यानें आशा सोडली होती, तेथेंच त्याचें नांव आलें. गोष्ट आनंदाची खरी. परंतु कारखान्याला दिलेल्या शब्दाचें काय करावयाचें?

भाचीचें मत सरळ होतें. ती म्हणाली, "मामा, मी म्हणतें, कांहीं कळवायलाच नको. त्या दिवशीं जायचें नाहीं, झालें! एवढ्या मोठ्या कारखान्यांत एक मुलगा आला नाहीं तर कोणाच्या लक्षांत येणार आहे? कळविलें तर उगाच चार शब्द मात्र ऐकून घ्यावे लागतील." भाचेजावयांनीं फोनवरून निराळाच तोडगा सुचविला होता. महाविद्यालय सुरू होईपर्यंत आठपंधरा दिवस कारखान्यांत जावें, करारावर सही करावी, आणि मग सोडून द्यावें. म्हणजे दोन्ही दोर हातांत राहतात!

मुलगा बराच वेळ बोलला नाहीं. मग हळूच म्हणाला, "आजोबा, तिथें जायचें नाहीं, हें तर ठरलें आहे. पण मुलाखत घेणाऱ्या साहेबांनीं माझी फार आपुलकीनें चौकशी केली होती. 'हा मुलगा टिकेल' असें ते शेजारच्या गृहस्थांना म्हणाले, तें मीं ऐकलें. आतां त्यांना कोणत्या तोंडानें सांगूं?"

ह्या एका वाक्यांत सर्व रोगाचें निदान होतें. दिलेला शब्द मोडून गप्प बसणारीं माणसें बहुधा वाईट नसतात. तीं भिडस्त असतात. समोरच्या माणसाला वाईट वाटेल ह्या भयानें तीं मौन धरितात, आणि त्या मौनानें समोरच्या माणसाचें जें नुकसान होतें तें मात्र त्यांच्या दृष्टीस पडत नाहीं. मी हें अधिकारानें सांगतों. कारण ह्याच अपराधाचा मी स्वतः जुना अपराधी आहें.

१९७७ सालीं मीं शालान्त परीक्षा दिली. घरची स्थिति बेताची. वडील भिक्षुकी करीत व त्यांच्याच पायाशीं बसून मीं थोडें संस्कृत केलें होतें. माझ्या मामांची सांगलीकडील एका छापखान्याच्या मालकांशीं ओळख होती. त्या छापखान्यांत पोथ्या छापीत आणि संस्कृत मजकुराचे खिळे बिनचूक जुळविणारा माणूस त्यांना मिळत नसे. मामांनीं माझें नांव सांगितलें. मालकांनीं मला बोलावून एक पान वाचावयास दिलें, एका जोडाक्षरावर बोट ठेवून त्याचा उच्चार विचारला आणि म्हणाले, "दसऱ्याला या. वर्षभर उमेदवारी करा. मग जुळारी म्हणून पगार सुरू करूं." मामा 'होय' म्हणाले, मीही मान हलविली.

दसऱ्याला दोन आठवडे उरले असतां मला अध्यापक विद्यालयांत प्रवेश मिळाल्याचें पत्र आलें. घरांत पेढे वांटले गेले. छापखान्याला कळवावें, असें वडिलांनीं एकदां म्हटलें व मामा कळवतील, असें मी समजलों. मामांना वाटलें कीं मी कळवीन. एका पोस्टकार्डाचें काम! तें आज लिहूं, उद्यां लिहूं, असें करतां करतां दसरा उलटून गेला. आणि मग तर इतक्या उशिरां लिहिण्याची लाज वाटूं लागली. लाजेचा हिशेब असा उफराटा असतो. पहिल्या दिवशीं जी दोन ओळींत फिटली असती, ती पंधराव्या दिवशीं चार पानांतही फिटत नाहीं, आणि मग मनुष्य लिहिणेंच सोडून देतो.

चार वर्षांनीं आमच्या शाळेचें वार्षिक पुस्तक छापावयाचें होतें, म्हणून मला त्याच छापखान्यांत जावें लागलें. मालकांनीं मला ओळखलें. ते रागावले असते तर बरें झालें असतें. त्यांनीं चहा मागविला, कागदाचे भाव सांगितले, आणि बोलण्याच्या ओघांत म्हणाले, "गुरुजी, तुमच्यासाठीं खिळ्यांची ती पेटी महिनाभर रिकामी ठेवली होती. यंत्रावरच्या आमच्या माणसाचा धाकटा भाऊ दोनदां विचारून गेला. पोरगा हुशार होता. पण जागा भरली आहे, असें मीं त्याला सांगितलें. तो इचलकरंजीला मागावर गेला." मी म्हणालों, "त्याला घ्यावयाचें होतें." त्यावर ते इतकेंच म्हणाले, "तुम्हांला शब्द दिला होता ना!"

माझा शब्द मीं मोडला होता, आणि त्यांनीं आपला शब्द महिनाभर सांभाळला होता. त्या दोहोंच्या मध्यें एका अनोळखी मुलाचा मार्ग बदलला. मागावरचें काम हलकें असतें, असें मी म्हणत नाहीं. कदाचित् तेथें त्याचें भलेंही झालें असेल. परंतु त्याला जें पाहिजे होतें तें माझ्या एका न लिहिलेल्या पोस्टकार्डामुळें मिळालें नाहीं, हें कांहीं केल्या पुसलें जात नाहीं.

भाचीला व मुलाला मीं हें सर्व सांगितलें. भाची थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "पण मामा, तो काळ वेगळा. आतां कोण एवढा विचार करतो?" तेव्हां मी उठलों आणि कपाटांतून याज्ञवल्क्यस्मृति काढली. मुलगा थोडा हंसला. आजोबांना कोणत्याही प्रश्नावर पोथी सांपडतेच, हें त्याला ठाऊक आहे. परंतु ह्या वेळीं पोथींत खरोखरच त्याचाच प्रश्न होता.

आपल्या धर्मशास्त्रांत व्यवहाराचीं, म्हणजे राजदरबारीं नेण्याच्या तंट्यांचीं, अठरा पदें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं नारदस्मृतींत एकाचें नांवच 'अभ्युपेत्याशुश्रूषा' असें आहे: सेवेचें कबूल करून मग ती न करणें. ह्या प्रकरणांत शिल्प शिकावयास राहणाऱ्या मुलाचा, म्हणजे अंतेवासीचा, विचार आला आहे. त्यानें आपल्या आप्तांची अनुज्ञा घ्यावी, मुदत ठरवावी आणि आचार्याच्या घरीं राहावें. आचार्यानें त्याला आपल्या घरचें अन्न द्यावें, दुसरें काम सांगूं नये व पुत्राप्रमाणें वागवावें. इतकें सांगून नारद कठोर होतो: जो आचार्य शिकवितो आणि ज्याच्या ठिकाणीं दोष नाहीं, त्याला सोडून जाणाऱ्या शिष्यास बळानेंही राहावयास लावावें. आज हें बळ कोणी वापरूं शकत नाहीं, आणि तें इष्टही नाहीं. परंतु त्यांतील दोन अटी विचार करण्याजोग्या आहेत. 'शिकवितो' आणि 'निर्दोष आहे', ह्या दोन्ही गोष्टी असतील तरच शिष्य बांधलेला, एरव्हीं नाहीं.

ह्याहूनही आपल्या प्रश्नाच्या जवळचें वचन याज्ञवल्क्याचें आहे. ओझें वाहून नेण्याचें कबूल करणाऱ्या माणसानें काम सोडलें, तर त्यानें काय भरून द्यावें, ह्याचा तेथें चढता हिशेब आहे. निघण्याचें ठरलें असतां सोडलें तर मजुरीचा सातवा हिस्सा; वाटेंत सोडलें तर चौथा हिस्सा; अर्ध्या वाटेवर सोडलें तर सगळी मजुरी. परंतु त्याच ठिकाणीं, प्रस्थानांत विघ्न आणणाऱ्यानें दुप्पट मजुरी द्यावी, असेंही म्हटलें आहे. निघण्याच्याच वेळीं एकाला सातवा हिस्सा आणि दुसऱ्याला दुप्पट, हें कसें?

ह्या शंकेचें निरसन विज्ञानेश्वरानें केलें आहे. चालुक्यांच्या कल्याण नगरींत, सुमारें नऊशें वर्षांपूर्वीं, त्यानें याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. तीच पुढें कित्येक शतकें आपल्या महाराष्ट्रांत प्रमाण मानली गेली. तो म्हणतो, येथें विरोध नाहीं. दुसरा माणूस मिळविण्यास अवसर असतां जो काम सोडतो, त्याला सातवा हिस्सा. ऐन प्रस्थानाच्या मुहूर्तावर जो सोडतो, त्याला दुप्पट. म्हणजे काम तेंच, माणूस तोच आणि सोडणेंही तेंच. फरक इतकाच कीं, धन्याला दुसरा माणूस शोधावयास वेळ राहिला कीं नाहीं. शिवाय हाच नियम धन्यालाही लागू आहे. त्यानें ऐन वेळीं माणसाला काढून टाकलें तर त्यालाही भरून द्यावें लागतें, हेंही स्मृतिकारानें तेथेंच सांगितलें आहे.

मीं मुलाला विचारलें, "तुझा दिवस कोणता?" तो म्हणाला, "अजून सोळा दिवस आहेत." मीं म्हटलें, "मग आज तूं सातव्या हिश्श्याचा धनी आहेस. पंधरा दिवस गप्प बसलास कीं दुपटीचा होशील."

भाचेजावयांच्या तोडग्याला मात्र स्मृतीपेक्षां आजचा कायदाच अधिक उपयोगी पडला. आपल्याकडे उमेदवारीचा पहिला कायदा १८५० सालीं झाला. तो मुख्यतः अनाथ व गरीब मुलांना धंद्याशिक्षणासाठीं बांधून देण्याचा होता. तो जाऊन १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आला व १ मार्च १९६२ पासून अमलांत आला. त्यांत पुढें, विशेषतः २०१४ सालीं, बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. तथापि त्याचा गाभा कायम आहे. करार झाल्यावांचून कोणासही शिकाऊ उमेदवार म्हणून घेतां येत नाहीं. उमेदवार अज्ञान असेल तर त्याच्या पालकानें करार करावा लागतो. आणि चौथ्या कलमांत एक गोष्ट अशी आहे कीं ती पुष्कळांना ठाऊक नसते: ज्या दिवशीं करार झाला, त्याच दिवसापासून शिक्षण सुरू झालें, असें कायदा मानतो.

म्हणून सहीपूर्वींचा नकार आणि सहीनंतरचा नकार, ह्यांत मोठें अंतर आहे. सहीनंतर केवळ 'येत नाहीं' म्हणून भागत नाहीं. सातव्या कलमाप्रमाणें करार मोडण्यासाठीं शिकाऊ उमेदवारीच्या सल्लागाराकडे अर्ज करावा लागतो, त्याची प्रत दुसऱ्या पक्षाला टपालानें पाठवावी लागते, आणि सल्लागार दोहोंचें म्हणणें पाहून लेखी हुकूम देतो. चूक मालकाची ठरली तर त्यानें उमेदवारास भरपाई द्यावयाची. चूक उमेदवाराची ठरली तर सल्लागार ठरवील ती शिक्षणखर्चाची रक्कम त्यानें किंवा त्याच्या पालकानें मालकाला परत करावयाची. आठ दिवस जाऊन बघूं म्हणून केलेली सही, अशा रीतीनें, पुढें मोडण्यासाठींच बांधलेली गांठ होते.

सहीपूर्वीं काय? उमेदवारी देऊं केली व आपण उत्तरच दिलें नाहीं, तर बंधन कांहींच नाहीं. सौजन्य म्हणून दोन ओळी लिहाव्या. आपण स्वीकार कळविला असेल, तर १८७२ च्या करारविषयक कायद्याप्रमाणें तो स्वीकार समोरच्याला पोंचण्यापूर्वींच काय तो परत घेतां येतो. ई-मेलच्या काळांत तेवढा अवकाश कोठला? पोंचल्यावर शब्द बांधतो. परंतु कोणालाही स्वतः येऊन काम करावयास न्यायालय भाग पाडीत नाहीं. प्रत्यक्ष नुकसान झालें असेल तर त्याची वाजवी भरपाई, एवढाच कायद्याचा आवांका. शिकाऊ उमेदवार कामावर आला नाहीं म्हणून कारखाना कोर्टांत जाईल, असें सहसा घडत नाहीं. म्हणून येथें कायदा जवळजवळ मुका आहे, आणि जेथें कायदा मुका असतो तेथेंच माणसाचें शील बोलतें.

कारखान्यांत एका मुलाचें न येणें कोणाच्या ध्यानांत येणार, हा भाचीचा प्रश्न राहिला होता. त्याचें उत्तर आंकड्यांत आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणें तीस किंवा अधिक माणसें कामावर असणाऱ्या आस्थापनेनें शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, आणि त्यांचें प्रमाण एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के असावयाचें. दोनशें माणसांच्या कारखान्याला कमीत कमी पांच उमेदवार घ्यावे लागतात. पांचांतला एक आला नाहीं, तर तें ध्यानांत न येण्याइतका तो कारखाना मोठा नाहीं. त्याच नियमांनीं पदविकाधारकास दरमहा किमान ८,००० रुपये विद्यावेतन ठरविलें होतें. ज्याच्या घरीं त्या आठ हजारांची वाट पाहिली जाते, असा एखादा मुलगा प्रतीक्षायादींत बसलेला असतो. आपल्याला ती जागा नको आहे, ही बातमी त्याच्या दृष्टीनें केवढी मोलाची!

'उमेदवार' हा शब्दही येथें आठवण्यासारखा आहे. तो मूळचा फारशी. उमेद म्हणजे आशा, आणि ती बाळगणारा तो उमेदवार. जुन्या कचेऱ्यांत पुढें नेमणूक मिळेल ह्या आशेवर बिनपगारी राबणाऱ्यांना हेंच नांव होतें. आपण समजतों कीं आशा एकट्या उमेदवारालाच असते. परंतु त्याला ठेवून घेणाराही त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो, आणि त्या दोघांच्या मागें तिसरा उभा असतो, ज्याची आशा पहिल्याच्या एका निरोपावर टांगलेली असते.

मध्येंच सोडून जाण्याचें ऋण किती मोठें होतें, ह्याचें एक उदाहरण मीं मुलाला दिलें. बेंजामिन फ्रँक्लिन हा पुढें अमेरिकेंत थोर पुरुष म्हणून गाजला. परंतु १७१८ सालीं, बाराव्या वर्षीं, त्याला बोस्टन येथें थोरल्या भावाच्या छापखान्यांत करार करून उमेदवार ठेविलें होतें. मुदत एकविसाव्या वर्षापर्यंतची. भाऊ तापट होता, प्रसंगीं मारीतही असे. आणि १७२३ सालीं फ्रँक्लिन मुदत पुरी न करतांच निघाला व फिलाडेल्फियास पोंचला. भावाचा दोष उघड होता. तरीही आपल्या आत्मचरित्रांत फ्रँक्लिननें स्वतःच्या त्या वर्तनाला छापखान्याच्या भाषेंत आयुष्यांतील एक आरंभींची अशुद्धि म्हटलें आहे. पुढें त्यानें त्याच भावाच्या मुलाला आपल्याकडे आणून शाळेंत घातलें, छपाईचा धंदा शिकविला, आणि असें शुद्धिपत्र जोडलें. सही करून मोडलेल्या शब्दाचें शुद्धिपत्र असें वर्षांनुवर्षें लिहावें लागतें. सहीपूर्वींचें एका कागदावर संपतें.

आतां कोणी म्हणेल, शब्द एवढा मोलाचा, तर मुलानें तो मोडावाच कां? पदवीची संधि सोडून कारखान्यांत जावें काय? मला तसें वाटत नाहीं. उमेदवारी हें शिक्षण आहे, आणि अधिक योग्य शिक्षण मिळत असतां तें घेणें हें तरुणाचें कर्तव्यच होय. त्या अधिनियमाच्या अठराव्या कलमांतही शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून शिकणारा आहे, असेंच म्हटलें आहे. ठेवून घेणाऱ्यानें अटी बदलल्या, जागेसाठीं पैसे मागितले, मूळ प्रमाणपत्रें अडकवून ठेवण्याचा आग्रह धरला, किंवा शिकविण्याऐवजीं भलतेंच काम सांगणार असें दिसलें, तर नारदाच्या दोन अटींपैकीं एक मोडलीच. तेथें माघार घेणें हा दोषच नव्हे. परंतु दुसरीकडे महिना पांचशें रुपये अधिक मिळतात, मित्र तेथें आहेत, किंवा पहाटेच्या पाळीचा कंटाळा आहे, एवढ्यासाठीं दिलेला शब्द परत घेऊं नये. अशा वेळीं मुलानें एक रात्र निजून विचार करावा, आणि वडीलधाऱ्यांनीं त्याला तसें करावयास लावावें.

माघार घ्यावयाचें ठरलें म्हणजे ती कशी घ्यावी, ह्याचा क्रम आम्हीं तिघांनीं मिळून ठरविला. तो कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देतों.

पहिली गोष्ट, हातचें सोडण्यापूर्वीं दुसरें खरोखर हातांत आहे कीं नाहीं हें पाहावें. यादींत नांव येणें निराळें आणि प्रवेश पक्का होणें निराळें. मुलाला मीं आधीं महाविद्यालयांत पाठविलें. कागद तपासून, शुल्क भरून, पावती हातांत आल्यावरच कारखान्याला कळवावयाचें ठरलें. हा स्वार्थ नव्हे, शहाणपण होय. परंतु पावती मिळाल्यावर संध्याकाळही जाऊं देऊं नये.

दुसरी गोष्ट, ज्याच्या ओळखीनें किंवा शिफारसीनें जागा मिळाली, त्याला सर्वांच्या आधीं सांगावें. मुलाची निवड तंत्रनिकेतनांतील एका प्राध्यापकांच्या मार्फत झाली होती. पुढील वर्षीं त्यांना त्याच कारखान्याच्या दारीं दुसरीं मुलें न्यावयाचीं असतात. त्यांचा शब्दही ह्या मुलाच्या शब्दाबरोबर गहाण असतो.

तिसरी गोष्ट, शब्द ज्यानें दिला त्यानेंच तो परत घ्यावा. आईबापांनीं मुलासाठीं फोन करूं नये. मात्र जागा घरच्या वडीलधाऱ्यानें ठरविली असेल, तर त्यानेंही चार शब्द लिहावेत. माझ्या मामांना वाटलें मी लिहीन, मला वाटलें ते लिहितील. त्यांतच सगळा घोटाळा झाला.

चौथी गोष्ट पत्राची. मुलानें पहिला मसुदा लिहून आणला तो दीड पान होता, आणि त्यांत त्याच्या आजीची प्रकृति अकस्मात् बिघडली होती. त्याची आजी त्याच सकाळीं मंडईंतून भाजी घेऊन माझ्याच दारावरून गेलेली मीं पाहिली होती! मीं तो कागद परत केला. खोट्या कारणाला पुढें आणखी खोटीं कारणें पुरवावीं लागतात. शिवाय भोसरी कांहीं लंकेंत नाहीं, उद्यां तोच साहेब कोठेंही भेटेल. दुसऱ्या खेपेस त्यानें लिहिलें तें असें:

"महोदय, आपल्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून माझी निवड झाली होती व मीं ती स्वीकारली होती. पदवीच्या दुसऱ्या वर्षास मला प्रवेश मिळाला असून आजच तो पक्का केला आहे. त्यामुळें ठरल्या दिवशीं मी हजर होऊं शकत नाहीं. दिलेला शब्द पाळतां आला नाहीं, याबद्दल क्षमा मागतों. माझी जागा प्रतीक्षायादींतील उमेदवारास देतां यावी म्हणून लगेच कळवीत आहें. मुलाखतीच्या वेळीं आपण माझी आस्थेनें चौकशी केली, याबद्दल मी आभारी आहें."

त्यांत न सुचविण्यासारखें कांहीं राहिलें नव्हतें. 'पुढें कधीं जागा असल्यास माझा विचार व्हावा' असें एक वाक्य शेवटीं होतें, तेवढें मीं खोडलें. क्षमा मागतांना त्याच श्वासांत कांहीं मागूं नये.

पांचवी गोष्ट, पत्र पाठवून थांबूं नये, फोनही करावा. लिहून कळविलें म्हणजे पुरावा राहतो, आणि बोलून कळविलें म्हणजे माणुसकी राहते. कारखान्यानें कांहीं वस्तु, गणवेष किंवा प्रवासखर्च दिला असेल तर तो न मागतां परत करावा, आणि आपलीं कागदपत्रें तेथें असतील तर तीं परत मागून घ्यावीं.

फोन माझ्या घरूनच झाला. मुलाच्या कपाळावर घाम आला होता. साहेब प्रथम नाराज झाले. "पदवीसाठीं अर्ज केला आहे, हें मुलाखतींतच सांगावयाचें होतें," असें ते म्हणाले, आणि त्यांचें म्हणणें खरें होतें. मुलानेंही तें निमूटपणें कबूल केलें. मग क्षणभर थांबून त्यांनीं विचारलें, "हजर होण्याला किती दिवस आहेत?" मुलानें सांगितलें, "चौदा." त्यावर ते म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या मुलाला आजच कळवितों." बोलणें दोन मिनिटांतच संपलें. फोन ठेवून मुलगा कितीतरी वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला; मग आईला म्हणाला, "ओरडले थोडे; पण आतां बरें वाटतें."

गौरीजेवणाच्या दिवशीं तो प्रसाद घेऊन आला, तेव्हां त्यानें सांगितलें कीं प्रतीक्षायादींतला पहिला मुलगा त्याच्याच वर्गांतला निघाला. कारखान्याचा निरोप आला त्या दिवशीं तो मुलगा आपल्या गांवीं जावयास निघाला होता. पुण्याच्या खोलीचें भाडें पुढें परवडणार नाहीं, म्हणून सामान बांधून झालें होतें. निरोप येतांच त्यानें तें सोडलें.

हें ऐकून भाची कांहीं बोलली नाहीं. तिनें माझ्या पानांत आणखी एक मोदक वाढला. मला मात्र छापखान्यांतील ती रिकामी पेटी आठवली. इचलकरंजीस मागावर गेलेला तो मुलगा आज माझ्याच वयाचा असेल. त्याचें नांवही मीं तेव्हां विचारलें नाहीं. माझें पोस्टकार्ड अद्याप लिहावयाचें राहिलेंच आहे. परंतु तें आतां कोणाच्या नांवें पाठवावें?